ब्रेकबाईचे तीन तास

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर मॅडम, माघारी ब्रेकबाई. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्यावर तिचा पाय कायम तयार, फक्त जिभेला तेवढा ब्रेक नाही, असं तिचे जुने विद्यार्थी सांगत. पन्नाशी उलटलेली, बुटकी, सीटवर उशी घेऊन बसणारी बाई. दोन जुन्या गाड्या, काचेवर लाल अक्षरांत नाव लिहिलेलं एक ऑफिस, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि ऑफिसच्या मागे दोन खोल्यांचं घर. एवढा तिचा पसारा.

हा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा. त्यानेच तिला गाडी शिकवली, आणि मग तो स्वतः दारूच्या इतका आहारी गेला की शेवटची चार वर्षं शिकवण्याचं काम तिनेच केलं. एकोणीस वर्षांच्या संसारात ती एक विद्या शिकली होती. नवरा प्यायलाय की नाही, हे तो दारात उभा राहण्याआधीच ती ओळखायची. फाटकाची कडी कशी उघडली, चप्पल कशी काढली, 'पाणी देतेस का' हे वाक्य नेहमीपेक्षा किती गोड आलं, एवढ्यावरून तिला कळायचं. त्यात ती कधी चुकली नाही. निदान तिला तसं वाटत होतं. लिव्हर निकामी होऊन तो गेला, त्यालाही नऊ वर्षं झाली.

नवऱ्याचा धाकटा भाऊ फरशी बसवायची कामं करायचा. हात असा की सपाटी बघायला पाणसळ लावायची गरज पडू नये. थोरला पिऊन घर डोक्यावर घ्यायचा. धाकटा गुपचूप प्यायचा आणि गुपचूप झोपायचा. त्याच्या बायकोने सहा वर्षं ते गुपचूपपण सोसलं आणि एक दिवस मुलीचा हात धरून माहेर गाठलं. त्यानंतर त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. एका सकाळी कामावरच त्याने भडाभडा रक्त ओकलं, आणि हॉस्पिटलने 'जवळचं माणूस कोण' म्हणून विचारलं तेव्हा त्याने वहिनीचा नंबर दिला.

लिव्हरचे डॉक्टर तरुण होते, पण बोलायला सरळ. म्हणाले, "हे लिव्हर आता सुधारणाऱ्यातलं नाही. दारूने आतून दगड झालाय. बदलावं लागेल."

"किती दिवस आहेत?" तिने विचारलं.

"रक्ताच्या चार तपासण्यांवरून आम्ही एक आकडा काढतो. सहापासून चाळीसपर्यंत. यांचा बावीस आलाय."

"बावीस म्हणजे पास की नापास?"

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "जितका मोठा तितका वाईट. नवं लिव्हर मिळालं नाही तर पुढच्या तीन महिन्यांत जगण्या-मरण्याचं काय, याचा अंदाज त्यातून येतो."

"आणि मिळालं तर?"

"ऑपरेशन झेपेल का, याचाही अंदाज बांधता येतो. वय बरं आहे, हृदय चांगलं आहे. पण नवं लिव्हर मिळाल्यावर माणूस पुन्हा ग्लास हातात घेईल का, हे रक्तात दिसत नाही. त्यासाठी आमची वेगळी समिती बसते. दान आलेलं लिव्हर एक असतं आणि त्याच्या रांगेत बरीच माणसं असतात, वहिनी."

तेही तिला वहिनीच म्हणाले. पलंगावरचा पेशंट तसं म्हणत होता, म्हणून असेल.

समितीसाठी माहिती गोळा करायचं काम एका काउन्सेलर बाईकडे होतं. शांत आवाजाची, चष्म्यावरून बघणारी बाई. तिच्याकडे चार पानांचा फॉर्म होता. रोज किती प्यायचे, कधीपासून, सोडायचा प्रयत्न किती वेळा केला, शेवटचा घोट कधी, घरी कोण असतं, घरात आणखी कुणाला व्यसन होतं का.

"भाऊ होता," ब्रेकबाई म्हणाली. "माझे मिस्टर. त्यातच गेले."

काउन्सेलरने चौकटीत खूण केली.

"ही खूण यांच्या विरुद्ध जाते?"

"थोडी जाते."

"म्हणजे मेला माझा नवरा आणि मार्क कापले दिराचे?"

"शिक्षा नाही ही," काउन्सेलर म्हणाली. "नुसता अंदाज आहे. घरात व्यसन असलं तर धोका जरा वाढतो, असं बऱ्याच पेशंटांवरून दिसलंय. तुमच्यासारखं माणूस पाठीशी असलं की तो कमी होतो. त्याचीही खूण पुढच्या पानावर आहे. ती करू का?"

ती खूण म्हणजे जबाबदारी होती. पेशंट आपल्या घरी राहील, दारूचा थेंब घेणार नाही, दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीला जाईल, सांगू तेव्हा तपासणीसाठी रक्त देईल, आणि काहीही वेगळं वाटलं तर घरचं माणूस लगेच हॉस्पिटलला फोन करेल. 'लगेच' या शब्दाखाली रेघ होती. ब्रेकबाईने सही केली.

मग एका नर्सने तिला घरी काय बघायचं ते शिकवलं. पातळ गोड औषध दिवसातून तीन वेळा द्यायचं, दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. "पोट साफ नाही झालं तर आतलं विष डोक्यात चढतं. माणूस बरळतो, झोपेची वेळ उलटी होते. शंका आली तर हात पुढे धरायला सांगा, पंजे वर करून. समोरची गाडी थांबवताना करतो ना, तसे. पंजे आपोआप खाली पडायला लागले की समजायचं."

"हे सोपंय," ब्रेकबाई म्हणाली. "थांबायची खूण मी रोजच शिकवते."

दीर तिच्या मागच्या खोलीत राहायला आला. अंगाने काटकुळा, पोट तेवढं पाण्याने फुगलेलं, डोळे पिवळे. पहिले काही दिवस तो तिच्याशी मान वर करून बोलत नव्हता. ती मात्र रोज त्याचं निरीक्षण करायची. चप्पल, कडी, पाणी मागायचा आवाज. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती त्याचा ग्लाससुद्धा नाकाशी नेऊन धुवायची. त्याने ते एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा ग्लास धुवायच्या आधी तिच्यासमोर आणून ठेवायला लागला.

चार महिने गेले. गटाची बैठक त्याने एकदाही चुकवली नाही. पोटातलं पाणी दोनदा काढावं लागलं. आकडा बाविसाचा पंचवीस झाला. समितीची बैठक गुरुवारी ठरली, आणि त्याआधीच्या मंगळवारी साडेबारा वाजता ब्रेकबाईचा फोन वाजला.

तेव्हा ती एका दातांच्या डॉक्टरला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. चाळिशीचा भला माणूस, दोन गल्ल्या सोडून दवाखाना. दुसऱ्यांच्या दाढा बेधडक उपटणारा, पण रिव्हर्स गिअर पडला की घामाघूम.

फोन दिराचा होता, पण बोलत होती एक म्हातारी. "तुमच्या दिराला घेऊन जा बाई. माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. नीट बोलता येईना, फरशी उलटी लावायला निघालाय."

"प्यायलेत का?"

"मी काय सांगू? जुनंच लक्षण दिसतंय."

ब्रेकबाईने पत्ता विचारून घेतला. "उतरा डॉक्टर," ती म्हणाली. "मागे बसा. आजचा क्लास संपला."

बाजाराच्या चौकातून, शाळेच्या मागच्या रस्त्याने तिने गाडी काढली. डॉक्टर मागे गुपचूप बसून होते. तिसऱ्या वळणावर एवढंच म्हणाले, "तुम्ही इंडिकेटर दिला नाहीत." तिने आरशातून असं पाहिलं की पुढे ते बोलले नाहीत.

म्हातारीच्या स्वयंपाकघरात अर्धी जमीन जुनी, अर्धी नवी होती. मधे दीर गुडघ्यांवर बसलेला, हातात पालथी फरशी. वहिनीला बघून तो तोंड भरून हसला. "तीनच ओळी राहिल्यात वहिनी," तो म्हणाला, पण प्रत्येक शब्द चिखलातून पाय काढावा तसा निघत होता. उभा करायला गेलं तर भिंतीकडे झुकला. हे झुकणं तिने एकोणीस वर्षं पाहिलं होतं. तिला पुढे काही विचारायचं उरलं नाही.

दोघांनी धरून त्याला मागच्या सीटवर घातलं. डॉक्टर त्याला खांद्याला टेकवून बसले. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "बाई, हा दारूचा वास नाही."

"तुम्ही दातांचे डॉक्टर आहात."

"म्हणूनच सांगतो. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचंच माझं काम. दारू प्यायलेले रोज दोन-तीन येतात माझ्याकडे. हा वास वेगळाय. गोडसर, कुजकट."

"एकोणीस वर्षं मी त्या वासाशेजारी झोपलेय डॉक्टर," ती म्हणाली. "मला शिकवू नका." आणि त्यांना दवाखान्याच्या दारात उतरवून ती दिराला घेऊन घरी आली.

त्याला पलंगावर टाकलं आणि तिने खोलीला बाहेरून कडी घातली. मग ऑफिसात येऊन खुर्चीत बसली. समोर फोन. फोनमध्ये काउन्सेलरचा नंबर. लगेच, असं लिहिलं होतं, खाली रेघ होती.

पण लगेच म्हणजे काय होणार, ते तिला स्वच्छ दिसत होतं. हॉस्पिटलात नेलं की पहिलं रक्त काढणार. रक्तात दारू निघाली की गुरुवार संपला. चार महिन्यांच्या बैठका, धुतलेले ग्लास, सगळं पाण्यात. रांगेत नाव लागलं नाही की पंचविसाच्या आकड्याला किती दिवस असतात, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. उलट आज झोपून उतरली, उद्या अंघोळ घालून बसवला, तर गुरुवारी समितीपुढे नीट बोलेल. कुणाला कळणार?

तिने फोन पालथा घातला. दुपारच्या दोन क्लासना नाही म्हणून कळवलं, तेवढ्यापुरता पुन्हा सुलटा केला, परत पालथा घातला. दीड वाजला. दोन वाजले. एकदा दाराशी जाऊन ती बंद दाराला म्हणाली, "चार महिने! चार महिने काढलेत ना? मग आणखी दोन दिवस थांबायला काय धाड भरली होती?" आतून उत्तर आलं नाही. घोरण्याचा आवाजही नव्हता. थोरला पिऊन पडला की भिंती हलतील असा घोरायचा, हे तिला आठवलं. ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली, पण आता बसवेना.

साडेतीनच्या सुमाराला ती चहा घेऊन आत गेली. तो जागा होता. पलंगाच्या कडेला बसून शर्टाचं बटण काजात घालायच्या खटपटीत होता, आणि ते बटण वरच्या काजात की खालच्या, हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिने कप हातात दिला. त्याने तो धरला आणि नुसता धरून बसला, कपाचं करतात काय हेच विसरल्यासारखा.

"दादा आला का?" त्याने विचारलं.

तिने खाली वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. दुपारी तिने घेतलाच नव्हता. दुपारी ती नुसती बघत होती. गोडसर होता, जुन्या बंद कपाटासारखा. दारूचा नव्हता.

"भाऊजी, हात पुढे करा. असे. गाडी थांबवल्यासारखे."

त्याने शहाण्या मुलासारखे हात पुढे केले. पंजे वर झाले, खाली पडले, वर झाले, पुन्हा पडले. पाखराला उडता येत नसावं तसे.

ब्रेकबाई पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. हे हात तिने आधी पाहिले होते. नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात, याच खोलीत. तो असाच बरळत होता, असाच कप धरून बसला होता, आणि 'आजच्या दिवस तरी प्यायलो नाही गं' म्हणत होता. तिने कडी घातली होती. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याला उठवता आलं नाही. तो खरं बोलत होता की खोटं, हा प्रश्न नऊ वर्षांत तिने स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण उत्तर तिने गृहीत धरलं होतं.

आता विचार करत बसायला वेळ नव्हता. तिने फोन उचलला आणि दातांच्या डॉक्टरला लावला. "तुमचं खरं निघालं," एवढंच म्हणाली. चार मिनिटांत ते धावत आले, मास्क गळ्यात लोंबतोय, हातात एकच मोजा. खुर्चीतल्या पेशंटला 'आ' करून तसाच ठेवून आले होते. दोघांनी मिळून दिराला गाडीत घातलं. आता तो जड झाला होता, डोळे मिटायला लागले होते.

"बोलत राहा त्यांच्याशी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही! दातांबद्दल बोला!"

आणि ते बिचारे अक्कलदाढेबद्दल बोलत राहिले. गाडीवर शिकाऊ पाटी होती. ती बघून लोक लांबूनच वाट देत होते, आणि पाटीच्या आतली बाई सिग्नल सुटायच्या आत पुढे निघालेली होती.

हॉस्पिटलात तातडीच्या कक्षात त्याला घेतलं. रक्त काढलं, नाकातून नळी घातली. लिव्हरचे डॉक्टर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे असं केव्हापासून आहे?"

'आत्ताच' म्हणायला एक क्षण पुरला असता. दातांचे डॉक्टर शेजारीच होते, तेही काही बोलले नसते.

"साडेबारापासून," ब्रेकबाई म्हणाली. "मी घरी घेऊन गेले. तीन तास कडी घालून ठेवलं."

"का?"

"प्यायलेत असं वाटलं. गुरुवार बुडेल म्हणून लपवलं."

डॉक्टर म्हणाले, "बाहेर बसा," आणि पडदा ओढला.

दीर शुद्धीवर यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. विष डोक्यात चढलं होतं, दारू नव्हती. त्याने स्वतःच सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्या म्हातारीची अर्धी जमीन उखडून तो पिण्यापायी परागंदा झाला होता, आणि तेव्हापासून ती उखडलेल्या जमिनीवर स्वयंपाक करत होती. ऑपरेशनआधी तेवढं काम संपवायचं म्हणून सोमवारी, मंगळवारी तो गुपचूप तिच्याकडे जात होता.

"मग औषध?"

तो ओशाळला. "दोन दिवस घेतलं नाही वहिनी, तुमची नजर चुकवून ओतून दिलं. ते घेतलं की दर तासाला पळावं लागतं. त्यांच्याकडे संडास एकच, तोही त्यांच्या झोपायच्या खोलीतून. म्हातारं माणूस, किती वेळा उठवायचं?"

ब्रेकबाईला हसावं की थोबाडीत मारावी ते कळेना. शेवटी ती रडली, आणि मग त्याला शिव्या दिल्या.

रक्ताच्या खास तपासणीचा निकाल आला. गेल्या तीन-चार आठवड्यांत दारूचा अंशही नाही. पण आकडा एकोणतीस झाला होता. आकडा वाढला की रांगेत माणूस पुढे सरकतो, आणि तेवढंच त्याला ऑपरेशन पेलण्याची शक्यता कमी होते, असं ते विचित्र गणित होतं. समिती एका आठवड्याने बसली आणि तिने आधी ब्रेकबाईलाच आत बोलावलं.

लांब टेबल, पाच माणसं. लिव्हरचे डॉक्टर, ऑपरेशन करणारे पिकल्या केसांचे सर्जन, काउन्सेलर बाई, आणखी दोघं. सर्जननी कागदांवरून मान वर केली.

"तुम्ही सही केली होती, लगेच कळवेन म्हणून."

"केली होती."

"आणि तीन तास कळवलं नाहीत. आणखी दोन तास गेले असते तर आज इथे बसायची गरज पडली नसती."

"माहीत आहे."

"मग उद्या हे खरंच प्यायले तर तुम्ही लपवणार नाही, हे आम्ही कशावरून मानायचं?"

ब्रेकबाईने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "नका मानू. माझ्या भरवशावर काही ठरवू नका. प्यायलेला माणूस मी लांबून ओळखते, असा मला गर्व होता. माझ्या या गर्वाने एक माणूस गेला असावा, दुसरा जात होता. आता मला कळलंय की मला ओळखता येत नाही. रक्त काढा, पाहिजे तितक्या वेळा. मी त्यांना घेऊन येईन, एवढं सांगते."

"हे पुन्हा पितील, असं तुम्हाला वाटतं?"

सगळ्या खोलीचे डोळे तिच्यावर होते. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. त्या शब्दासाठीच ती आठवडाभर जागी होती.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "चार महिने नाही प्यायले, हे तुमच्या रक्ताच्या कागदावर आहे. मरायला टेकलेला माणूस दुसऱ्याची जमीन पुरी करायला गेला, हे कुठल्याच कागदावर नाही, म्हणून मी सांगते. पुढचं तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही."

तिला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तास ती बाकावर बसली. समोरच्या भिंतीवरचं हात धुवायचं चित्र तिने इतक्या वेळा वाचलं की बोटांमधला मळ कसा काढायचा ते तिला पाठ झालं.

काउन्सेलर बाहेर आली. नाव रांगेत घातलं होतं, पण एका अटीवर. घरच्या एका माणसावर भागणार नाही, दुसरं हवं. ज्याचे डोळे वेगळे असतील असं.

तसं माणूस जगात एकच होतं. ब्रेकबाईने त्याच दिवशी धाकट्या जावेला फोन केला.

"ताई, तुम्ही मला हे विचारूच कसं शकता?" जाऊ म्हणाली.

"विचारतेय. नाही म्हणालीस तर एका शब्दाने बोलणार नाही."

"मी त्यांच्या घरात पाऊल टाकणार नाही."

"नको टाकूस. आठवड्यातून एकदा माझ्या ऑफिसात ये, त्यांच्याकडे नीट बघ, आणि काय वाटतं ते त्या काउन्सेलर बाईंना फोनवर सांग. मला विचारूही नकोस."

"प्यायले असं वाटलं तर मी त्याच मिनिटाला सांगेन. दयामाया नाही."

"म्हणून तर तुला विचारतेय."

जाऊ यायला लागली. बाहेरच्या खुर्चीत बसायची, नवऱ्याशी दोन शब्द बोलायची, चहा न घेता जायची. दुसऱ्या खेपेला मुलीला घेऊन आली. त्या दिवशी दीर मुलीकडे बघत राहिला.

नाव रांगेत लागल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी फोन आला, लिव्हर मिळालंय. धावत गेले, कपडे बदलले, आणि दोन तासांनी सांगितलं की ते लिव्हर चांगलं निघालं नाही, घरी जा. परत येताना गाडीत तो म्हणाला, "वहिनी, आकडा आता किती असेल हो?" ती म्हणाली, "मी आकडे सोडलेत." त्याचा आकडा तेव्हा बत्तीस होता आणि तिला तो माहीत होता. एकोणिसाव्या दिवशी, नाश्त्याच्या वेळी, पुन्हा फोन आला. या खेपेला परत पाठवलं नाही. ऑपरेशन नऊ तास चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका थकलेला होता की ब्रेकबाई आणि जाऊ दोघी एकदम उठल्या आणि एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या. "रंग चांगला आहे," ते म्हणाले. "लिव्हर काम करायला लागलंय." मग दोन आठवडे ताप, एकदा पोट पुन्हा उघडावं लागलं, एकदा नवं लिव्हर शरीर नाकारतंय की काय अशी भीती. सव्वा महिन्याने तो घरी आला. डोळे पांढरे स्वच्छ. तो राहायला आल्यापासून तिने ते असे पाहिले नव्हते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण चौदा महिन्यांनी एका संध्याकाळी तो घरी आला, चप्पल नीट काढली, कडी हळू लावली, पाणी स्वतःच घेतलं. ब्रेकबाई भाजी चिरत होती. तिला काहीएक वेगळं वाटलं नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, मी प्यायलो. जुन्या सोबत्याकडे. दोन ग्लास."

सुरी तिच्या हातातच राहिली. तिला अजिबात ओळखू आलं नव्हतं. राग यायच्या आधी तिला याचंच नवल वाटलं.

"कधी?"

"तासाभरापूर्वी. तिथून सरळ इकडे आलो."

तिने त्याच्यादेखत काउन्सेलरला फोन लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. तोच बोलला, ती नुसती उभी राहिली. जावेलाही त्यानेच सांगितलं. जाऊ तीन आठवडे आली नाही, चौथ्या आठवड्यात आली. गटाच्या बैठका आठवड्याला एकाच्या दोन झाल्या. रक्त दर महिन्याला. लिव्हरच्या डॉक्टरांनी त्याला अर्धा तास खोलीत बसवून काय सांगितलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण बाहेर आला तेव्हा कान लाल होते.

त्याला आता चार वर्षं होतील. त्यानंतर तो प्यायल्याचं कुठल्या रक्तात निघालेलं नाही. काउन्सेलर बाईंनी मधे विचारलं होतं, कोण टिकतं आणि कोण घसरतं याचा अंदाज आणखी चांगला बांधता यावा म्हणून आम्ही जुन्या पेशंटांच्या नोंदी तपासतोय, तुमच्या घरच्या वापरू का? दोघांनी हो म्हटलं. तो ठेंगण्या स्टुलावर बसून फरशीची लहानसहान कामं करतो. म्हातारीच्या उरलेल्या तीन ओळी त्याने सगळ्यात आधी पुऱ्या केल्या. दातांचे डॉक्टर चौथ्या खेपेला परीक्षा पास झाले.

ब्रेकबाई अजून गाडी शिकवते. ग्लासचा वास घेणं तिने सोडलं, कडीचा आवाज ऐकणं सोडायला तिला जास्त वेळ लागला. आता ती संध्याकाळी सरळ विचारते, भाजीवरून मान न उचलता.

"प्यायलात?"

"नाही वहिनी."

यात त्याला अपमान वाटत नाही, तिला संकोच वाटत नाही. उत्तर खरं असेल की नाही, याची तिला आजही खात्री नाही. उत्तर मिळालं की ती म्हणते, "मग हात धुवा आणि या कांद्याला मदत करा."